‘कळलं होतं, पण सांगता आलं नाही’

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात (नाव आणि ओळखीच्या खुणा वगळून):

*मी 31 वर्षांची. बीएस्सी नर्सिंग झालंय. जळगावातल्या एका खासगी दवाखान्याच्या आयसीयूत सहा वर्षं काम करतेय. मिस्टर चटईच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. सासू-सासरे अमळनेर तालुक्यात शेती करतात. मुलगा चार वर्षांचा.*

*मागच्या पावसाळ्यात एका रात्री डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिसचा (डीकेए, म्हणजे मधुमेहात रक्तातलं आम्ल वाढण्याचा) पेशंट होता. संध्याकाळी जोरजोरात श्वास घेत होता, मिनिटाला 36. पहाटे तीनला 20 वर आला. सगळे म्हणाले, बरं झालं, शांत झाला. मला तो शांत वाटला नाही, थकलेला वाटला. डॉक्टरांना फोन केला, “सर, पेशंट बरोबर वाटत नाही.” त्यांनी एबीजी (धमनीतल्या रक्ताची वायू-तपासणी) विचारला. बायकार्बोनेट 10, कार्बन डायऑक्साइड 36. “सीओटू तर नॉर्मल आहे, लक्ष ठेवा,” म्हणाले. पाचला धावपळ करून श्वासनलिकेत ट्यूब टाकावी लागली (इंट्युबेशन). पेशंट वाचला, पण मला कळलं होतं आणि सांगता आलं नाही, हे अजून मनातून जात नाही.*

*तेव्हापासून नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स करायचं डोक्यात आहे. त्यासाठी नाशिक नाहीतर पुण्याला जावं लागेल. मिस्टर म्हणतात, “कर, पण घराचं बघून कर.” सासूबाईंनी एकच विचारलं, “पोऱ्या कोनाजोडे राही?” (मुलगा कोणाजवळ राहील?) मैत्रिणी म्हणतात, एमएस्सी करून कॉलेजात टीचर हो. दीर म्हणतो, नर्स प्रॅक्टिशनर झालीस की गावात स्वतःचं क्लिनिक टाकता येईल. माझं इंग्रजी कच्चं, परीक्षा देऊन आठ वर्षं झाली. आधी वर्षभर घरी अभ्यास करावा आणि मग फॉर्म भरावा का? की हा नादच सोडावा?*

---

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण मी पुन्हा पुन्हा त्या रात्रीकडेच वळले. तुम्ही ती अपराधासारखी लिहिली आहे. म्हणून आधी तिच्याबद्दलच बोलते.

बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातलं आम्ल शमवणारा घटक, 10 पर्यंत उतरलेल्या माणसाचं शरीर रक्तातलं आम्ल कमी करायला जोरजोरात श्वास घेतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. तो किती खाली यायला हवा, याचं एक साधं गणित आहे. बायकार्बोनेटची दीडपट करायची आणि त्यात 8 मिळवायचे. दहाची दीडपट 15, अधिक 8 म्हणजे 23. दोन इकडे, दोन तिकडे. म्हणजे त्या पेशंटचा कार्बन डायऑक्साइड 21 ते 25 च्या दरम्यान असायला हवा होता. तो 36 होता. निरोगी माणसात 36 नॉर्मल, पण या माणसात 36 म्हणजे फुप्फुसं हरायला लागली होती. श्वास 36 वरून 20 वर आला तो बरं वाटून नाही, दम संपून. तुमच्या डोळ्यांनी जे पाहिलं, तेच कागदावर आकड्यांत लिहिलेलं होतं. कागदावरचं ‘नॉर्मल’ या पेशंटसाठी नॉर्मल नाही, हे फोनवर म्हणायला लागणारी दोन वाक्यं तेवढी तुमच्याकडे नव्हती.

तीच वाक्यं आज अशी म्हणता येतील: “सर, चार नंबर बेड, डीकेए. बायकार्ब 10, त्या हिशेबानं सीओटू 23 च्या आसपास हवा, तो 36 आहे. श्वास 36 वरून 20 वर आलाय आणि तंद्री वाढतेय. पेशंट थकतोय असं मला वाटतं. तुम्ही आत्ता या, मी इंट्युबेशनची ट्रॉली लावून ठेवते.” आधी परिस्थिती, मग पार्श्वभूमी, मग आपला अंदाज आणि शेवटी आपली मागणी, असा हा क्रम आहे. हे ऐकल्यावर फोन ठेवणं कुठल्याही डॉक्टरला अवघड जाईल.

मला विचाराल तर नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सचा गाभा हाच आहे. ‘बरोबर वाटत नाही’पासून ‘हे होतंय, यामुळे होतंय आणि आता हे करू’पर्यंत पोहोचायचं. तुम्हाला तेच हवंय असं पत्रावरून दिसतं, म्हणून माझा कौल ‘करा’ असा आहे. पण तुमच्या काही समजुती मला पटल्या नाहीत. त्या तशाच मनात धरून गेलात तर दोन वर्षांनी पस्तावाल.

पहिली समजूत दिरांची आहे. त्यांनी अमेरिकेतल्या नर्स प्रॅक्टिशनरबद्दल वाचलेलं असणार. हे काम तिथेच सुरू झालं. 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका-प्राध्यापिकेनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून, खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत डॉक्टर पोहोचत नाहीत म्हणून, परिचारिकांना जास्तीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. आज तिथल्या अनेक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे पेशंट तपासते आणि औषध लिहून देते. आपल्याकडचा कोर्स वेगळा आहे. भारतीय परिचर्या परिषदेनं 2016-17 च्या सुमाराला तो आणला तो अतिदक्षता विभागासाठी. ही नर्स इंटेन्सिव्हिस्टच्या (अतिदक्षता विभागाच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या) बरोबरीनं, दवाखान्यानं ठरवून दिलेल्या प्रोटोकॉलनुसार आणि स्थायी आदेशांनुसार निर्णय घेते. गावात पाटी लावून क्लिनिक चालवायची मुभा ही पदवी देत नाही. दिरांना हे आजच स्पष्ट सांगा, नाहीतर दोन वर्षांनी गावातले लोक विचारतील, “मग एवढं शिकून काय झालं?” आणि या पदवीवर परदेशात थेट नर्स प्रॅक्टिशनर म्हणून उभं राहता येत नाही. अमेरिकेत तसं काम करायचं तर तिथलाच कोर्स करून तिथली परीक्षा द्यावी लागते.

गावच्या लोकांसाठी काम करायचं हीच खरी ओढ असेल, तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची वाट जवळची आहे. बीएस्सी नर्सिंगवाल्यांना ती खुली आहे. काम उपकेंद्रात असतं आणि नेमणूक कंत्राटी. अक्कलकुवा-धडगावच्या बाजूला सिकलसेलचे (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे) पेशंट वेळेत ओळखून त्यांचं औषध-पाणी सांभाळणारी अशी एक अधिकारी किती जीव वाचवू शकते, हे मी पाहिलंय. ते काम जराही कमी प्रतीचं नाही. पण तुमच्या पत्रात उपकेंद्राचा उल्लेख एकदाही नाही. आयसीयूतला तो पेशंट मात्र आहे.

मैत्रिणींचं म्हणणंही तसंच तपासा. टीचरची नोकरी ठराविक वेळेची, सणवार मोकळे, मुलाच्या शाळेशी जुळणारी. ज्यांना शिकवायची आवड आहे त्यांनी जरूर एमएस्सी करावं. पण वेळ सोयीचा म्हणून शिकवायला गेलेल्या बाई वर्गात लगेच ओळखू येतात, आणि त्याची किंमत मुली मोजतात. कोर्स संपल्यानंतरच्या सोमवारी सकाळी आठ वाजता मी कुठे उभी असेन, हा प्रश्न स्वतःला विचारा. मनात वर्ग आला की बेड, यावरून ठरवा.

नोकरीबद्दलही डोळे उघडे ठेवा. ‘नर्स प्रॅक्टिशनर’ नावाचं वेगळं पद आणि वेगळा पगार सगळीकडे तयार झालेला नाही. काही मोठ्या दवाखान्यांत आहे. बाकी ठिकाणी पदवी घेऊन आलेल्या मुलीला सीनियर सिस्टर म्हणून जुन्याच शिफ्टला लावतात. म्हणून फॉर्म भरायच्या आधी तुमच्या आत्ताच्या दवाखान्याच्या मेट्रनना आणि आयसीयूच्या डॉक्टरांना भेटा. “मी हे करून आले तर मला कोणतं काम द्याल?” असं सरळ विचारा. ते फी भरायला किंवा रजा द्यायला तयार झाले, तर बॉन्ड किती वर्षांचा, मध्येच सोडलं तर किती पैसे, मूळ कागदपत्रं ठेवून घेणार का, हे सही करायच्या आधी वाचा. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेण्याची अट असेल तर मी तिथेच थांबेन. एका ठिकाणी माझे कागद वर्षभर अडकले होते. ते सोडवायला मी जेवढ्या चकरा मारल्या, तेवढ्यात एक पेपर अभ्यासून झाला असता.

आता कोर्सचं रूप. हा रेसिडेन्सीचा, म्हणजे दवाखान्यात ड्युटी करत शिकायचा अभ्यासक्रम आहे. आठवड्याला 48 तास, वर्षात 46 आठवडे, अशी दोन वर्षं. त्यात वर्गातलं शिकवणं साधारण पाचवा हिस्सा, बाकी सगळं लॅबमध्ये आणि पेशंटजवळ. पहिल्या वर्षी शरीरक्रिया आणि विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, पेशंटची सखोल तपासणी, संशोधन. दुसऱ्या वर्षी क्रिटिकल केअर. क्लिनिकलचे तास शंभर टक्के भरल्याशिवाय पदवी मिळत नाही. हे वाक्य घरात सगळ्यांना वाचून दाखवा, कारण आपल्याकडच्या घरांत खरी अडचण इथेच येते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाणं, श्रावणातल्या कानबाईच्या सणात रोटाला सुनेनं घरात असणं, चुलत नणंदेच्या हळदीला चार दिवस. चुकलेली प्रत्येक ड्युटी नंतर भरून द्यावी लागते. दोन वर्षं कानबाईला तुम्ही नसाल, हे श्रावणात फोनवर कळण्यापेक्षा आत्ता समोरासमोर कळलेलं बरं.

तुमचा नेमका प्रश्न होता, आधी वर्षभर घरी अभ्यास करू का? नको. घरी बसून पुस्तक संपवायचं ठरवलं की स्वयंपाक, मुलाचं आजारपण आणि पाहुणे मिळून पहिल्या तीन प्रकरणांतच ते पुस्तक बंद करतात. तुमच्याकडे तर आयसीयू आहे, ज्यासाठी हा कोर्स शिकणाऱ्यांना लांब जावं लागतं. प्रवेशाला किमान वर्षभराचा क्लिनिकल अनुभव लागतो, शक्यतो अतिदक्षता विभागातला. तुमच्याकडे सहा वर्षांचा आहे. फक्त काम करायची पद्धत बदला.

रोज एक पेशंट निवडा. एकच. त्याचा एबीजी आला की डॉक्टरांची नोट वाचायच्या आधी आपला अंदाज छोट्या वहीत लिहा, मग नोट उघडा. चुकलात तर का चुकलात ते खाली एका ओळीत. नॉरअ‍ॅड्रेनलिन (रक्तदाब टिकवणारं औषध) लावलंत की पंपावरचे मिलिलिटर बघून थांबू नका, डोस काढा. 50 मिलिलिटरमध्ये 4 मिलिग्रॅम म्हणजे एका मिलिलिटरला 80 मायक्रोग्रॅम. ताशी 5 मिलिलिटर चाललंय म्हणजे तासाला 400, मिनिटाला साधारण 6.7. पेशंट 60 किलोचा असेल तर किलोमागे मिनिटाला 0.11 मायक्रोग्रॅम. आठ दिवसांत हे तोंडी यायला लागेल. मग राउंडला डॉक्टर “किती चाललंय?” विचारतील तेव्हा “पाचवर आहे, सर” म्हणायची सवय आपोआप सुटेल.

आणि आपल्या मातीतले पेशंट शिकून घ्या. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत विषबाधा येतात. अ‍ॅट्रोपीनची (या विषावरच्या औषधाची) मात्रा छातीतला स्राव सुकला का, घरघर थांबली का, यावर ठरते, नुसत्या डोळ्यांच्या बाहुल्या बघून नाही, हे तुम्ही हातानं केलेलं आहे. आता त्याचं ‘का’ वाचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सगळं निवळलं असं वाटत असताना पेशंटला उशीवरून मान उचलता येईना, तर ती श्वासाचे स्नायू ढिले पडण्याची आधीची खूण असते. राउंडला हे ज्या सिस्टरच्या तोंडून येतं, तिचं पुढचं बोलणं सगळे थांबून ऐकतात. एप्रिल-मेमधले उष्माघात, पावसाळ्यातले सर्पदंश. तीन ऋतूंत एवढे विषय पुणे-मुंबईच्या मुलींना सहजी मिळणार नाहीत.

इंग्रजीची भीती मी खोटी म्हणणार नाही. पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. पण तुम्ही सहा वर्षं इंग्रजीतच नोट्स लिहिताय. माझ्याकडे शिकलेल्या नंदुरबारकडच्या एका मुलीला मी एक सवय लावली होती. कुठलाही आजार आधी पेशंटच्या आईला समजावतोय असा मराठीत बोलायचा, मग तोच चार ओळींत इंग्रजीत लिहायचा. मराठीत सांगता येईना, तर अडचण भाषेची नाही, विषय समजलेला नाही. ती अशी गाळणी लावून अभ्यास करायची, आणि दुसऱ्या वर्षी सेमिनारला सगळ्यात स्वच्छ बोलायची.

आता घर. “कर, पण घराचं बघून कर.” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. माझ्या वेळी मलाही वाटलं होतं की ही परवानगी आहे. तिचा अर्थ होता, तुझ्या वाट्याचं काहीच कमी होणार नाही, अभ्यास वरून कर. मी चौतिसाव्या वर्षी शिकायला गेले, नाइट करून आले की डोळे ताणून वाचत बसायचे. पहिल्याच परीक्षेत एका विषयात नापास झाले आणि घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर ‘झेपत नव्हतं तर गेलीस कशाला’ ऐकावं लागेल ही भीती. ते लपवण्यात जेवढी ताकद गेली तेवढी अभ्यासात गेली नसेल. तुम्ही तसं करू नका. नाइटनंतर झोपायचं, वाचायचं नाही. आणि मार्क कमी पडले तर ते त्याच दिवशी घरी सांगायचे.

तुमचे मिस्टर वाईट बोललेत असं मला वाटत नाही. त्यांनी ‘घराचं बघणं’ म्हणजे काय याची यादीच कधी केली नसावी. ती दोघांनी बसून करा. डबा, गॅस, बालवाडी, ताप आला तर सुट्टी कोण टाकणार, लाइट बिल, पाहुणे. प्रत्येक कामापुढे नाव लिहा, जसं आपण ड्युटी लिस्ट लावतो. मग प्रवेशाच्या आधीच पंधरा दिवस रंगीत तालीम करा. तुम्ही ड्युटी करून दोन तास मैत्रिणीकडे नाहीतर वाचनालयात बसायचं, घर त्यांनी चालवायचं. मध्ये पडायचं नाही. खिचडी चार दिवस झाली तरी चालेल. पंधरा दिवसांत जे कोलमडेल, त्यावर उपाय शोधायला तुमच्या हातात महिने असतील.

सासूबाईंचं वाक्य मात्र तुम्ही नकार म्हणून वाचलंय, आणि मला ते तसं दिसत नाही. “पोऱ्या कोनाजोडे राही?” यात ‘जाऊ नको’ कुठे आहे? त्या बाईंनी घरातला सगळ्यात नेमका प्रश्न विचारलाय. त्याला नेमकं उत्तर द्या. त्या जळगावला येऊन राहू शकतात का? वेचणीच्या दिवसांत शेत सोडून त्यांना येता येणार नाही, दिवाळीच्या आगेमागे तर नाहीच. मग ते दोन-तीन महिने कोण? तुमची आई? शेजारच्या काकू, पैसे देऊन? की तेवढे महिने नातवानं आजीजवळ गावी राहायचं? त्यांना सल्ला मागा, त्यांच्याकडे उपाय असेल. आणि मुलाला खोटं सांगून निघू नका. “आई शिकायला जाते, रविवारी फोन करेल,” हे चार वर्षांच्या पोराला कळतं. तो रडेल. तुम्हीही गाडीत रडाल. नाशिक मिळालं तर निदान रेल्वेच्या एका बैठकीत घर गाठता येतं, म्हणून दोन्हीकडे प्रवेश मिळाला आणि दवाखाना तोडीचा असला तर मी नाशिक घेईन.

‘तोडीचा’ म्हणजे काय, ते कॉलेजात जाऊन बघा. आयसीयू खरोखर भरलेला असतो का, शिकवायला पूर्ण वेळ इंटेन्सिव्हिस्ट आहेत का, आधीच्या बॅचच्या मुली आता कुठे काम करतात. आवारातल्या चहाच्या टपरीवर शिकणाऱ्या मुली भेटतील, त्यांना विचारा, तुम्हाला राउंडला बोलू देतात की सलाईन लावायलाच वापरतात? स्टायपेंड किती, वेळेवर मिळतो का, हेही त्यांनाच विचारा आणि प्रवेशाच्या कागदावर लिहून घ्या. भारतीय परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यता असलेल्या संस्थांची त्या-त्या वर्षाची यादी असते. त्यात नाव नसेल तर इमारत कितीही चकचकीत असो, पुढे जाऊ नका.

तुमच्यासारख्याच इतर वाचक भगिनींसाठी दोन शब्द. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्यांना या कोर्सला थेट जाता येत नाही, आधी पोस्ट बेसिक बीएस्सी करावी लागते. दोन वर्षं घर सोडणं शक्यच नसेल तर क्रिटिकल केअरचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. ज्यांचा जीव लेबर रूममध्ये रमतो, त्यांनी 18 महिन्यांच्या नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी या कोर्सची चौकशी करावी. तो जीएनएमनाही खुला आहे.

ताई, या आठवड्यात करण्यासारखं एक काम आहे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं तुमचं नोंदणीपत्र काढा आणि नूतनीकरणाची तारीख बघा. संपत आली असेल तर आत्ताच अर्ज करा, लग्नानंतर नाव बदललं असेल तर तेही सगळ्या कागदांवर एक करून घ्या. ऐन प्रवेशाच्या वेळी याच दोन गोष्टींवर कितीतरी जणी अडतात. आणि आज रात्री ड्युटी असेल तर वहीच्या पहिल्या पानावर ती जुनी केस लिहा, तारखेसकट. बायकार्ब 10, सीओटू 36, अपेक्षित 23. खाली तो फोन लिहा, जसा तुम्ही आज कराल तसा.